वाकायची भीती वाटते, ताई

वाचकाचं पत्र, थोडक्यात: भांडुपला राहणाऱ्या ४४ वर्षांच्या एका वाचक भगिनी फोर्टमधल्या खासगी कंपनीत हिशेबाचं काम करतात. घरी नवरा, बारावीतला मुलगा आणि सासूबाई. सात आठवड्यांपूर्वी पहाटे पाण्याची बादली उचलताना त्यांच्या कमरेत उसण भरली. चार दिवस उठता-बसता येईना. पुढे दुखणं निम्म्यावर आलं, पण गेलं नाही. कधी कधी ते डाव्या कुल्ल्यातून मांडीच्या मागे उतरतं, गुडघ्याखाली मात्र जात नाही. मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही. तिसऱ्या आठवड्यात काढलेल्या एमआरआयच्या रिपोर्टात 'एल-४ एल-५ डिस्क बल्ज' (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी फुगलेली) आणि 'डिजनरेटिव्ह चेंजेस' (झीज) असं लिहिलंय. तेव्हापासून त्या जमिनीवर नुसती चटई टाकून झोपतात, दिवसभर पट्टा बांधतात, दुखणं वाढलं की मेडिकलमधून गोळी आणून घेतात. वाकणं त्यांनी जवळजवळ बंद केलंय. देवापुढे दिवा लावायलाही मुलाला हाक मारतात. शेजारच्या काकू म्हणतात, मणक्यात गॅप आलाय, ऑपरेशनशिवाय सुटका नाही. गावाहून मावशींचा निरोप आलाय की एखाद्या पायाळू (जन्मताना पायांकडून बाहेर आलेल्या) माणसाची लाथ कमरेला लावून घे. घरचे म्हणतात, नोकरी सोड आणि घरी आराम कर. त्या विचारतात: "नोकरी सोडली तर माझी कंबर वाचेल का? की हे आता जन्माचंच? घरच्या घरी काही करता येईल का?"

प्रिय मैत्रीण,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टच्या नजरेने. गेली बावीस वर्षं दादरला मी हेच काम करते, त्यामुळे कंबरदुखीचं पत्र हातात आलं की डोळे आधी धोक्याच्या खुणा शोधतात. लघवी-शौचावरचा ताबा सुटणं किंवा लघवी अडकणं, बसताना जो भाग टेकतो तिथे बधिर वाटणं, पाय इतका कमजोर होणं की चालता चालता चप्पल निसटून मागे राहते. यातली एक जरी गोष्ट असती तर मी हे लिहीत बसले नसते. रात्र असली तरी तडक मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा, एवढंच कळवलं असतं. संध्याकाळी येणारा बारीक ताप, उतरत चाललेलं वजन, आणि रात्री झोपेतून उठवणारं, कुठल्याही कुशीवर न थांबणारं दुखणं असेल तरी डॉक्टरांकडे जायला उशीर करायचा नाही. मुंबईत टीबी अजून आपल्या आसपास आहे, आणि हाडांचा टीबी सर्वांत जास्त मणक्यालाच होतो. ज्यांना पूर्वी कॅन्सर होऊन गेलाय, ज्यांनी बरेच महिने स्टेरॉइड घेतलंय, किंवा साठी उलटल्यावर घसरून पडल्यानंतर ज्यांची कंबर दुखायला लागलीय, त्यांनीही घरगुती उपाय करत थांबू नये. विशी-तिशीतल्या ज्या मुलामुलींची कंबर पहाटे अर्धा-पाऊण तास आखडलेली असते आणि हालचाल केल्यावरच मोकळी होते, त्यांनी संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवावं.

तुमच्या पत्रात यातलं काही नाही. ते वाचून मला बरं वाटलं.

दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मी पेन घेऊन बसले. तुमचा दिवस तुम्ही अगदी मिनिटांसकट लिहिलाय. सव्वापाचला उठून दोन पिंपं, तीन बादल्या. मग चार डबे. सासूबाईंचं अंघोळीचं पाणी. साडेआठची स्लो लोकल, त्यात मिळाली तर चौथी सीट, म्हणजे तिघींच्या बाकावर कडेला टेकायची जागा. दिवसभर खुर्ची. परत लोकल, भाजी, स्वयंपाक, भांडी, मशीन नसल्याने मोरीतलं धुणं. पाठ टेकायची वेळ रात्री साडेअकरा. एवढा हिशेब लिहून झाल्यावर तुमचा प्रश्न काय, तर 'नोकरी सोडू का?' त्या पहाटेच्या पाण्याबद्दल तुम्ही एकही प्रश्न विचारलेला नाही. तिकडे मी परत येणार आहे.

आधी रिपोर्ट. तुम्ही त्याचा फोटो पाठवलाय आणि 'डिजनरेटिव्ह' या शब्दाखाली निळ्या पेनाने दोन रेघा मारल्यात. कागदावर दाबून मारलेल्या त्या रेघा बघून मला जास्त काळजी वाटली, कारण तुमचं वाकणं त्याच दिवशी बंद झालंय. बादली उचलली त्या दिवशी नव्हे.

२०१५ साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा ३,११० माणसांचे स्कॅन वेगवेगळ्या अभ्यासांतून गोळा करून तपासले होते. चाळिशीच्या वयात शंभरातल्या पन्नास जणांची गादी फुगलेली निघाली, आणि अडुसष्ट जणांच्या गाद्यांमध्ये झीज. विशीतल्यांमध्येसुद्धा ३७ टक्के लोकांना झीज होती. म्हणजे तुमच्या लेडीज डब्यातल्या तुमच्याच वयाच्या, ठणठणीत कंबरेच्या दहा जणींना एमआरआयला पाठवलं, तर साधारण पाच जणींच्या रिपोर्टात तुमच्यासारखंच वाक्य छापून येईल. त्या पाच जणी आज संध्याकाळी घरी जाऊन वाकून केर काढतील, कारण त्यांना ते वाक्य माहीत नाही.

तुमचं दुखणं खोटं आहे असं मी अजिबात म्हणत नाही. दुखतंय ते खरंच दुखतंय. पण सात आठवड्यांपूर्वी जे झालं ते बहुधा कमरेच्या स्नायूंचा, बारीक सांध्यांचा किंवा त्या गादीच्या कडेचा लचका होता. तो भरत आलाय, म्हणून तर दुखणं निम्म्यावर आलं. उरलेल्या निम्म्यात बराचसा भाग आखडलेल्या स्नायूंचा, अपुऱ्या झोपेचा आणि भीतीचा असतो. सतत जपलेली कंबर लवकर ओरडायला शिकते. साध्या हालचालीलाही ती धोका समजते, माणूस आणखी जपतो आणि स्नायू आणखी अशक्त होतात. हे तुमच्या मनाचे खेळ नाहीत. मज्जासंस्थेचं कामच तसं चालतं, आणि तिला उलटं शिकवताही येतं.

काकूंना 'गॅप'बद्दल एवढंच सांगा की झीज होते तेव्हा दोन मणक्यांमधलं अंतर वाढत नाही, उलट थोडं कमी होतं. गादी ओल्या साबणासारखी निसटतही नाही. वरच्या आणि खालच्या मणक्याला ती घट्ट चिकटलेली असते. जिथे गादीचा भाग खरोखर बाहेर येतो, तिथेही कित्येकदा शरीर तो काही महिन्यांत शोषून घेतं. ऑपरेशनचा विचार करावा लागतो तो पायातली ताकद जायला लागली तर, किंवा गुडघ्याखाली उतरणारी तीव्र कळ नीट उपचार करूनही आठवडेच्या आठवडे हटत नसेल तर. तुमच्याकडे दोन्ही नाही.

मावशींच्या निरोपाबद्दल. उसण म्हटलं की पायाळू माणूस शोधायचा, हे माझ्या आजोळीही होतं. उसण बहुतेकांची आठ-पंधरा दिवसांत आपोआप उतरते, म्हणून ज्याने लाथ लावली त्याला यश येतं. मावशींचं प्रेम घ्या, लाथ घेऊ नका. आणि मावशींच्या वयाच्या बाईंनी तर मुळीच नको. ठिसूळ हाडांवर असा झटका बसला तर मणका दबू शकतो. कंबर कडकन वाजवून 'बसवून' देणाऱ्यांबद्दलही माझं हेच म्हणणं आहे.

आता घरचे म्हणतात तो आराम. १९८६ साली अमेरिकेत या एका प्रश्नावर अभ्यास झाला. कंबर धरलेल्या काही रुग्णांना दोन दिवस अंथरुणात राहायला सांगितलं, काहींना सात दिवस. बरं वाटण्यात दोन्ही गटांत फरक पडला नाही, पण दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे कमी झाले. त्यानंतर चाळीस वर्षांत हेच पुन्हा पुन्हा दिसलंय. अगदी असह्य असेल तेव्हा एक-दोन दिवस पडून राहा, मग जमेल तेवढं हलायला लागा. सात आठवड्यांनंतर 'आराम' हे औषध उरलेलं नाही.

आणि घरच्यांना एक विचारा, रागाने नको, सरळ विचारा: मी नोकरी सोडून घरी आराम करायला लागले की पहाटे पाणी कोण भरणार? धुणं कोण धुणार? माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंनी असाच सल्ला ऐकून नोकरी सोडली. सहा महिन्यांनी परत आल्या तेव्हा कंबर जास्त दुखत होती. घरी आहेसच तर म्हणून भांडीवाली बंद झाली होती, नणंदेचं बाळ दिवसभर त्यांच्याकडे होतं, आणि स्टेशनपर्यंतचं रोजचं चालणं तेवढं थांबलं होतं. हाताशी स्वतःचा पैसा नाही, चार मैत्रिणी नाहीत, आणि पूर्ण दिवस कमरेकडे लक्ष. तुमची नोकरी तुम्हाला आवडत नसेल, दमवत असेल, तर ती सोडायचा विचार स्वतंत्रपणे करा. कमरेच्या नावाखाली हा निर्णय आज घेऊ नका. निदान आठ आठवडे तरी थांबा.

पाणी भरण्याबद्दल मी एवढं का धरून बसलेय, ते सांगते. रात्रभर आडवं झोपल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून टम्म होतात. म्हणूनच माणूस सकाळी किंचित उंच असतो. उठल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास, कधी तासभर, गाद्या अशा ताठ भरलेल्या असतात आणि वाकण्याचा ताण त्यांना जास्त जाणवतो. तुम्ही नेमक्या त्याच वेळेला, झोपेतून उठून पाच मिनिटांत, वीस लिटरची बादली उचलता. वीस लिटर म्हणजे वीस किलो. वर मोरी ओली, जागा अरुंद, कमरेला पीळ. उसण तिथेच भरली यात नवल नाही. तेव्हा पुढचे दोन महिने पहाटेचं पाणी मुलाने आणि त्याच्या बाबांनी वाटून घ्यायचं. बारावी आहे म्हणून मुलाला उठवायचं नाही, असं तुम्ही लिहिलंय. दहा मिनिटं पाणी भरल्याने त्याचे मार्क कमी होणार नाहीत. नळाला पाइप लावून थेट पिंपात सोडलात तर निम्मी उचलाउचल संपते. गॅसचा भरलेला सिलिंडर टाकीसकट तीस किलोच्या आसपास असतो, तोही आता तुम्ही हलवायचा नाही.

तुमच्या वाट्याला जे काम राहील त्यात थोडे बदल करा. ओट्याशी उभं राहताना एक पाय लाकडी पाटावर ठेवा आणि दर पाच-दहा मिनिटांनी पाय बदला. पोळ्या लाटताना फरक लगेच कळेल. धुण्याची बादली जमिनीवर न ठेवता स्टुलावर ठेवा. पिळलेल्या कपड्यांची एक भरलेली बादली नेण्याऐवजी दोन हातांत दोन अर्ध्या न्या. केरसुणी लांब दांड्याची घ्या. आणि सगळं धुणं रविवारी एकदम काढू नका. कंबर एका कामाने क्वचित मोडते, ती थकते ते एकाच प्रकारचं काम तासन्‌तास केल्याने.

लोकलमधली चौथी सीट हा माझ्या बहुतेक रुग्णांचा नाजूक विषय. इतक्या कष्टाने मिळालेली जागा सोडवत नाही, कळतं मला. पण चौथ्या सीटवर एका कुल्ल्याचा निम्मा भाग टेकलेला, पाय मधल्या वाटेत, धड वळलेलं, आणि असा पाऊण तास. कुर्ल्यापर्यंत खांबाला धरून उभं राहणं कमरेला त्याहून सोपं जातं. कुर्ला-दादरला डबा रिकामा होत जातो, तेव्हा नीट बसा. खांद्यावरची एका पट्ट्याची पर्स सोडून दोन पट्ट्यांची सॅक घ्या, गर्दीत पुढे लावा.

ऑफिसात 'ताठ बसा' हे मी आता कुणाला सांगत नाही. ताठ बसूनही तासाभराने कंबर धरतेच. टॉवेलची गुंडाळी कमरेच्या खळग्यात ठेवा आणि अर्ध्या-पाऊण तासाने उठा. पाण्याची बाटली छोटी ठेवली तर ती भरायला उठावंच लागतं. फोन आला की उभ्याने बोला. साहेबांशी बोलून महिनाभर वेळ थोडी मागेपुढे करून मिळाली, तर गर्दीतले धक्केही चुकतील. राजीनामा देण्याआधी एवढं तरी मागून बघा.

आता व्यायाम. 'दिवसभर राबते तोच व्यायाम' हे वाक्य तुमच्या पत्रातही आहे. राबण्यात एकाच दिशेने वाकणं असतं, घाई असते, आणि थांबायचं कधी हे तुमच्या हातात नसतं. व्यायामात ते तिन्ही तुमच्या हातात असतं. रोज पंधरा-वीस मिनिटं, शक्यतो संध्याकाळी घरी आल्यावर, स्वयंपाकघरात शिरायच्या आधी. शिरलात की बाहेर येणं नाही, हे आपल्या दोघींनाही माहीत आहे.

सतरंजी घाला. पाठीवर झोपा आणि दोन्ही पोटऱ्या पलंगावर किंवा खुर्चीवर ठेवा, मांड्या उभ्या, गुडघे काटकोनात. हात पोटावर. सात-आठ मिनिटं असंच पडून सावकाश श्वास घ्या. कंबर हळूहळू सतरंजीला टेकताना जाणवते. मग पाय खाली घ्या, गुडघे दुमडलेले ठेवा आणि दोन्ही गुडघे जोडून डावीकडे-उजवीकडे हलकेच झुलवा, दहा वेळा. नंतर एकेक गुडघा दोन्ही हातांनी छातीकडे घ्या, पाच-सहा वेळा.

आता पोटावर वळा. दोन मिनिटं नुसतं पडून राहा. मग कोपरांवर या, पुस्तक वाचत पडतो तसं. तेही जमलं की तळहात खांद्यांखाली ठेवून हातांच्या जोरावर छाती वर उचला, कुल्हे मात्र सैल आणि जमिनीलाच. दिसायला भुजंगासन, पण इथे कमरेने जोर लावायचा नाही, सगळं काम हातांचं. आठ-दहा वेळा. हे करताना दुखणं कुठे जातं तिकडे लक्ष ठेवा. मांडीतली कळ वर सरकून कुल्ल्यात, कमरेत आली, तर कमरेत थोडं जास्त दुखलं तरी ते चांगलं लक्षण आहे, चालू ठेवा. कळ खाली गुडघ्याकडे उतरायला लागली तर हा व्यायाम तुमचा नाही, थांबा. आणि ज्या वडीलधाऱ्यांचे पाय चालताना भरून येतात आणि बसलं किंवा वाकलं की मोकळे होतात, त्यांनी हा मागे वळण्याचा प्रकार टाळून गुडघे छातीशी घेण्याचाच करावा.

दहा-बारा दिवसांनी ताकदीचे व्यायाम सुरू करा. पाठीवर झोपून गुडघे दुमडून कुल्हे वर उचलायचे, पाच मोजायचे, खाली. मग हात-गुडघ्यांवर येऊन उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे लांब करायचा, पाठीवर पाण्याचं फुलपात्र ठेवलंय आणि ते सांडता कामा नये असं समजून. पाच-सहा सेकंद, मग दुसरी बाजू. मग कुशीवर, कोपर आणि गुडघ्यावर भार देऊन कुल्हा उचलून धरायचा. प्रत्येकी सहा वेळांपासून सुरुवात. सूर्यनमस्कार आवडत असतील तर महिनाभराने, सावकाश.

व्यायाम करताना थोडं दुखणारच. दुखण्याला दहापैकी गुण द्यायचे झाले तर तीन-चारपर्यंत चालेल, दुसऱ्या सकाळपर्यंत ते नेहमीच्या पातळीवर यायला हवं. आलं नाही तर पुढच्या दिवशी निम्मं करा. बंद नका करू.

आता वाकणं. हे एकदा मुलाला सोबत घेऊन करा. मॉपचा दांडा पाठीवर उभा धरायला त्याला सांगा: डोक्याचा मागचा भाग, दोन खांद्यांच्या मधली जागा आणि माकडहाड, तिन्हीकडे दांडा टेकला पाहिजे. आता गुडघे किंचित सैल सोडून, मागे दार ढकलतोय तसे कुल्हे मागे न्या. दांडा तिन्ही जागी टेकलेला राहिला की समजा तुम्ही कमरेतून न वाकता खुब्यातून वाकलात. माझ्याकडे बायका हे पहिल्यांदा करतात तेव्हा बहुतेकींचा श्वास अडकलेला असतो. श्वास सोडत वाका. पहिले तीन दिवस खुर्चीवर ठेवलेलं रिकामं फुलपात्र उचला. मग स्टुलावरचं, मग पाटावरचं, मग जमिनीवरचं. मग तांब्या. मग अर्धी कळशी. महिन्याभरात तुम्ही जमिनीवरची पाच किलोची पिशवी उचलायला हवी. आणि एकदा ताकद आली की प्रत्येक वेळी दांडा आठवत बसायचं नाही. पाठ गोल करून वाकणं हे पाप नाही, मणका त्यासाठीच बनलाय; आत्ता ही पद्धत फक्त विश्वास परत येण्यासाठी.

घरच्या उपायांत मला सर्वांत जास्त भरवसा चालण्यावर आहे. २०२४ साली ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात, नुकत्याच कंबरदुखीतून बऱ्या झालेल्या ७०१ जणांपैकी निम्म्यांना फिजिओथेरपिस्टच्या मदतीने हळूहळू चालणं वाढवायला लावलं, आठवड्यातून पाच दिवस अर्ध्या तासापर्यंत. ज्यांना असं चालायला लावलं नव्हतं त्यांच्यातल्या निम्म्यांची कंबर ११२ दिवसांत पुन्हा दुखायला लागली, चालणाऱ्यांतल्या निम्म्यांची २०८ दिवसांत. तुम्हाला यासाठी वेगळा वेळ काढायची गरज नाही. सीएसएमटीहून ऑफिसपर्यंत तुम्ही शेअर टॅक्सीने जाता असं लिहिलंय. पहिल्या आठवड्यात परतीच्या वाटेने चाला, दुसऱ्यात दोन्ही वेळा. पावसात सपाट चप्पल नको, मागून पट्टा असलेली, पकड असलेली घ्या. घसरलं तर सगळं पुन्हा.

पट्टा सोडवायचा आहे, पण एकदम नको. या आठवड्यात फक्त लोकलमध्ये बांधा, पुढच्या आठवड्यात तोही नाही. तीन महिन्यांहून जुन्या कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२३च्या डिसेंबरमध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात पट्टे आणि वजनं लावून ताणणं हे नेहमीच्या उपचारांत नको असंच म्हटलंय. कठीण जमिनीवर झोपण्याचंही तसंच. २००३ साली स्पेनमध्ये ३१३ रुग्णांना कडक आणि मध्यम अशा दोन प्रकारच्या गाद्या देऊन पाहिलं, तेव्हा मध्यम गादीवाल्यांना जास्त आराम पडला. नवी महागडी गादी घेऊ नका. कापसाच्या गादीत गोळे झाले असतील तर पिंजून घ्या, नाहीतर चटईवर दोन जाड गोधड्या घाला. कुशीवर झोपलात तर गुडघ्यांमध्ये उशी, पाठीवर झोपलात तर गुडघ्यांखाली. उठताना आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा आणि हाताने जोर देऊन उठा.

शेक जरूर घ्या. रबरी पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, व्यायामाच्या आधी घेतलात तर अंग मोकळं होतं. पिशवी घेऊन झोपी जाऊ नका, आणि बाम चोळलेल्या जागी लगेच शेक देऊ नका. भाजून फोड आलेल्या कमरा मी पाहिल्यात. मधुमेहामुळे त्वचेची जाणीव कमी झालेल्यांनी विशेष जपावं. तेलाने मालिश, निर्गुडीच्या पाल्याचा शेक, ज्याने बरं वाटतं ते करा. त्याने तासाभराचा आराम मिळतो, तो चालण्या-व्यायामासाठी वापरा.

मेडिकलमधून आणलेल्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्यांबद्दल मात्र मी कडक आहे. डॉक्टरांना न विचारता त्या दिवसामागून दिवस घेत राहिलं तर जठर, किडनी आणि रक्तदाब तिघांना त्रास होतो. पावसाळ्यात कंबरदुखी, अंगदुखी आणि ताप असं एकत्र आलं तर ती गोळी घेऊच नका. ताप डेंग्यूचा असला तर त्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. आधी रक्त तपासा.

एकदा प्रत्यक्ष तपासणी मात्र करून घ्या. का, तर तुमच्या पायातली ताकद, गुडघ्या-घोट्यावर हातोडीने ठोकल्यावर येणारे झटके आणि कुठल्या दिशेला वाकल्यावर बरं वाटतं हे कागदावरून मला कळू शकत नाही. खासगीत परवडत नसेल तर केईएम, नायर आणि सायन या पालिकेच्या रुग्णालयांत फिजिओथेरपीचे विभाग आहेत, सायन तर तुमच्या वाटेवरच. हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसनाची जुनी संस्था आहे, तिथेही दाखवता येईल. केसपेपर काढायला वेळ लागतो, डबा आणि पाणी घेऊन जा. दोन-तीन वेळा जाऊन व्यायाम नीट शिकून घ्या, बाकी घरी.

'जन्माचंच का' असं तुम्ही विचारलंय. कंबरदुखी पुन्हा डोकावते, हे खरं आहे. बहुतेकांची वर्ष-दोन वर्षांत एखादी फेरी होते. तशी झाली तर याचा अर्थ गादी फुटली असा नाही. दोन दिवस शेक, थोडं कमी काम, पोटावर पडण्याचा व्यायाम आणि चालणं, एवढं तुमच्या हाताशी असेल.

दिवा मात्र उद्यापासून तुम्हीच लावा. देवघरासमोर पाट ठेवा, एक हात पाटावर, एक गुडघा खाली, मग दुसरा. वात लावून झाली की एक पाऊल पुढे रोवा, हाताने पाटावर जोर द्या आणि श्वास सोडत उठा. पहिल्या दिवशी मुलगा शेजारी उभा असू दे, पण त्याने हात द्यायचा नाही. आठ आठवड्यांनी मला पुन्हा लिहा, आणि पाणी कोण भरतंय तेही कळवा.